ज्ञान विकत घ्यावे की घरात घडवावे?

हरित तंत्रज्ञानाचा उद्योग उभारू पाहणारे एक परिचित नेमक्या याच पेचात आहेत. पुण्यातील दोन कंपन्यांचे मार्ग त्यांनी ताडून पाहावेत.

वेळेच्या बाबतीत विकतचे ज्ञान सरस ठरते. १९९५ मध्ये स्थापन झालेली सुझलॉन जर्मन कंपनी सुडविंडच्या तांत्रिक सहकार्यामुळे पवनचक्क्यांच्या व्यवसायात लवकर उतरू शकली. ताब्याचे गणित मात्र वेगळे आहे. २००७ मध्ये तिने जर्मनीच्या रीपॉवर या पवनचक्क्यांच्या कंपनीवर नियंत्रण मिळवले, तरी तिथल्या कायद्यात अल्पसंख्य भागधारकांना संरक्षण असल्याने ते तंत्रज्ञान तिला सहजी वापरता येईना. पुढे कर्जाच्या ओझ्यामुळे २०१५ मध्ये सुझलॉनला रीपॉवर विकावी लागली. (मालकी हाती आली म्हणजे विद्याही आली, असे होत नाही.)

दुसरी कंपनी प्राज हिने मात्र इथेनॉलची प्रक्रिया स्वतःच्या संशोधनातून विकसित केली, आणि पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प २०२२ मध्ये त्याच तंत्रज्ञानावर उभा राहिला. या मार्गाने परतावा उशिरा मिळतो, शिवाय जाणकार माणसे सोडून गेली तर ज्ञानही त्यांच्याबरोबर जाते.

यंत्र जगभर सिद्ध झालेले असून बाजारात त्वरित उतरायचे असेल, तर त्या तंत्रज्ञानाचा परवाना विकत घ्यावा; कच्चा माल स्थानिक आणि लहरी असेल, तर संशोधन घरातच करावे.