ॲल्युमिनियमचा ई-6बी : वाऱ्याच्या बाजूसाठी पैसे मोजावेत असा

फ्लाइंग शिकायला ई-6बी (वेळ, इंधन आणि वाऱ्याचे हिशेब हातानं करायचं, सरकती पट्टी आणि गोल तबकडी असलेलं उपकरण) घ्यायचाच आहे, तर ॲल्युमिनियमचा घ्या. पुठ्ठ्याचा बराच स्वस्त मिळतो, पण दमट हवेत त्याची पट्टी फुगून अडकते आणि वापरून सैल झाली की लावलेला वेग जागेवर राहत नाही. फिलिप डाल्टन यांची ही रचना दुसऱ्या महायुद्धापासून वापरात आहे; बॅटरीचा प्रश्नच नाही.

पैसे वसूल होतात ते वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे वाऱ्याचा हिशेब मांडतात त्या बाजूला. समजा, सेसना 152 विमानाचा टीएएस (हवेच्या तुलनेतला खरा वेग) 100 नॉट, ट्रॅक (जमिनीवरून जायची दिशा, अंशांत) 090, वारा 030 कडून 20 नॉट. तबकडी फिरवून 030 ट्रू इंडेक्सखाली (वरच्या स्थिर खुणेखाली) आणा. तबकडीचं मधलं भोक पट्टीवरच्या 100 वर ठेवून मधल्या रेषेवर 120 ला ठिपका द्या. आता 090 इंडेक्सखाली घ्या आणि ठिपका 100 च्या कमानीवर येईपर्यंत पट्टी सरकवा. ठिपका डावीकडे 10 अंशांवर दिसतो, म्हणजे हेडिंग (विमानाचं नाक ठेवायची दिशा) 080. भोकाखाली ग्राउंड स्पीड (जमिनीच्या तुलनेतला वेग), 88 ते 89.

ठिपक्यापासून भोकापर्यंतची रेघ म्हणजे वाऱ्याचा व्हेक्टर. त्रिकोणाचा तिसरा कोपरा, शून्य वेगाचा, पट्टीच्या खाली बाहेरच राहतो. तिरप्या रेषा तिथूनच निघतात. तिथून ठिपक्यापर्यंत हेडिंग आणि टीएएस, भोकापर्यंत ट्रॅक आणि ग्राउंड स्पीड. हा न दिसणारा कोपरा डोक्यात पक्का हवा. नाहीतर टीएएस ठिपक्याऐवजी भोकाखाली लावला जातो आणि उत्तर येतं 9 अंश, 111 नॉट! अंशांवरून चूक कळतही नाही, पण 100 नॉटिकल मैलांना 68 मिनिटांऐवजी 54 धरली जातात आणि इंधन तेवढं कमी पडतं. समोरून तिरका वारा असताना ग्राउंड स्पीड टीएएसपेक्षा जास्त आली, की पुन्हा पहिल्यापासून मांडा.

दुसरा घोळ ट्रू (खऱ्या उत्तर दिशेपासून मोजलेली दिशा) आणि मॅग्नेटिकचा (होकायंत्राच्या उत्तर दिशेपासून मोजलेली). हवामान अंदाजातला वरचा वारा ट्रू असतो, विमानतळाचा टॉवर सांगतो तो मॅग्नेटिक. महाराष्ट्रात व्हेरिएशन (या दोन्हींतला फरक) जेमतेम अंशभर, त्यामुळे ही गल्लत इथे खपून जाते. न्यूझीलंडमध्ये ते साधारण 20 ते 25 अंश आहे. तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी ही सवय इथेच मोडावी.

उणीव एकच: तबकडी प्लॅस्टिकची, तिच्यावर ओरखडे पडतात. ठिपक्याला 0.5 ची मऊ पेन्सिल वापरा, पर्मनंट मार्कर नको. विकत घेताना पट्टी पूर्ण वर-खाली सरकवून भोक मधल्या रेषेवरच राहतं का, एवढं पाहून घ्या. ते हललं तर तो नग परत करा.