जुन्या गाडीचा एसी: नुसता गॅस की नवा कंडेन्सर?

भाच्याला हाच प्रश्न पडलाय. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, तेव्हा जुना एसी सिग्नलला दम टाकतो. गॅस भरणं स्वस्त आणि झटपट. पण गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय. गळती न शोधता भरलात तर तो पुन्हा जाणारच. गळती सडलेल्या कंडेन्सरमधून (गाडीच्या तोंडाशी असलेला, गॅसची उष्णता बाहेर टाकणारा जाळीदार भाग) असेल, तर तो बदलणं महाग पडतं, गाडीही अडकते. सोबत ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) बदलून व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा-ओलावा पंपानं ओढून काढणं, नीट करून घ्यावा लागतो. टिकतं मात्र तेच.

धावताना गार आणि थांबल्यावर गरम हवा येत असेल, तर आधी कंडेन्सरचा पंखा आणि जाळीतली धूळ बघा, खर्च वाचेल!

गळती बारीक आणि गाडी यंदाच विकायची, तर गॅस पुरे. रोज भरदुपारी अक्कलकोट रस्ता धरणाऱ्यानं कंडेन्सरच बदलावा.