चिमणीला भोकच नाही, मग नमुना घेतला कुठून?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतला सॉस-लोणच्याचा एक छोटा कारखाना. तासाला ६०० किलो वाफ देणारा ब्रिकेटवरचा (भुसा-चोथा दाबून केलेल्या कांड्यांवरचा) बॉयलर, १०० केव्हीएचा जनरेटर, वीस-बावीस माणसं. मालकाच्या फायलीत प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, म्हणजे बोर्डाचं, कारखाना चालवायचं संमतीपत्र होतं, चिमणी तपासणीचे चार अहवाल होते, हे सगळं करून देणाऱ्या कन्सल्टंटला मोजलेल्या पैशांच्या पावत्याही होत्या. बोर्डाचे अधिकारी पाहणीला आले आणि पावत्या सोडून सगळं खोटं निघालं. पोर्टलवरचा अर्ज त्रुटी पूर्ण न केल्यामुळे कधीच परत गेला होता. संमतीपत्र म्हणजे भलत्याच कारखान्याच्या कागदावर नाव बदललेलं. अहवाल घरी बसून टाइप केलेले.

अशा फसवणुकीची सुरुवात भीती घालण्यापासून होते. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सांगलीचं नाव आहे, आता सगळ्या भट्ट्या सील होणार, असं सांगत कन्सल्टंट येतो. नाव आहे, हे खरं. २०१९ साली सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात सांगलीसारखंच कोल्हापूर, सोलापूर, पुणेही आहे. पण नुसत्या यादीने कुणाचा बॉयलर बंद होत नाही. बंदचा आदेश हवा कायदा, १९८१ च्या कलम ३१-अ खाली लेखीच निघतो. मग दिल्लीचा कागद पुढे येतो: जनरेटरला धूर पकडणारं यंत्र लावा, नाहीतर चालवू नका. तो आदेश देणाऱ्या हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाची हद्द दिल्ली परिसर आणि लगतच्या भागापुरती आहे. आपल्या संमतीपत्रात तशी अट नसेल, तर त्या कागदाच्या जोरावर इथे यंत्र घ्यायचं कारण नाही. शेवटचं हत्यार तुरुंगाचं. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातल्या बऱ्याच उल्लंघनांना तुरुंगाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. रक्कम थोडी नाही, पण ती ठरवणारा माणूस गूगल पेवर पैसे मागत नाही.

खरी मेख लॉगिनमध्ये असते. बोर्डाच्या पोर्टलवर खातं उघडताना कन्सल्टंट स्वतःचा मोबाइल आणि स्वतःचा ईमेल टाकतो. बोर्डाने काढलेल्या त्रुटी, नोटिसा, अर्ज परत गेल्याचे निरोप सगळे त्याच्याकडे जातात. मालकाला कळतं ते एवढंच की "साहेब, काम चालू आहे". महिने लोटले की म्हणतो, चार महिने झाले, आता कन्सेंट मिळाल्यातच जमा. पाणी कायद्याच्या कलम २५(७) मध्ये मानीव संमतीची, म्हणजे मुदतीत उत्तर आलं नाही तर संमती मिळाली असं धरण्याची, तरतूद आहे, पण जो अर्ज परत गेला त्यावर कसली मानीव संमती? फीतही हात मारला जातो. बोर्डाची फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते, आणि गुंतवणूक धरायची ती घसारा वजा न करता, सीएच्या दाखल्यानुसार. हा गडी अर्जात गुंतवणूक कमी दाखवतो, मालकाकडून पूर्ण रकमेची फी घेतो आणि फरक खिशात घालतो. पुढे ताळेबंद तपासला की थकबाकी निघते ती मालकाच्या नावावर.

तपासणीचा खोटा अहवाल मात्र मालकाला स्वतः पकडता येतो, त्यासाठी केमिस्ट असायची गरज नाही. धुळीचा नमुना घ्यायला चिमणीला भोक लागतं, साधारण चार इंची, फ्लँज बसवलेलं. तिथवर शिडी आणि उभं राहायला प्लॅटफॉर्म लागतो. भोकाची जागाही ठरलेली आहे: शेवटच्या वाकणापासून व्यासाच्या आठपट वर आणि तोंडापासून दोनपट खाली. बारा इंची चिमणीला म्हणजे खालून आठ फूट, वरून दोन फूट. वाकणाजवळ धूर घुसळलेला असतो, तिथली धूळ सगळीकडे सारखी नसते. नमुना घेणारे आधी पिटो ट्यूब नावाच्या नळीने धुराचा वेग मोजतात आणि त्याच वेगाने धूर आत ओढतात. हळू ओढला तर जाड कण जास्त सापडतात, जोरात ओढला तर कमी. धूळ थिंबलमध्ये, म्हणजे गाळणीच्या छोट्या नळीत, अडकते, त्याचं वजन आधी आणि नंतर घेतात. या कारखान्याच्या चिमणीला भोकच नव्हतं, आणि फायलीत चार अहवाल, शिक्क्यासकट.

आकडे त्याहून मजेशीर. चिमणी ३०० मिलिमीटरची, अहवालात ६००. धुराचं तापमान ६२ अंश. धूर पाण्याने धुणारा ओला स्क्रबर असता तर ते पटलं असतं, पण इथे नुसता सायक्लोन (धूर गरगर फिरवून धूळ खाली पाडणारा), आणि अशा छोट्या बॉयलरचा धूर दीडशे अंशांच्या खाली सहसा येत नाही. वेग सेकंदाला ८ मीटर. अहवालातल्या ६०० च्या व्यासाला गुणाकार केला तर तासाला आठ हजारांवर घनमीटर धूर होतो. हा बॉयलर तासाला १३०-१४० किलो ब्रिकेट खातो, किलोमागे आठ-दहा घनमीटर धूर धरला तरी बेरीज हजार ते चौदाशेच्या आत राहते. बाकीचा धूर काय शेजाऱ्याचा? धुळीचे (घनमीटरमागे मिलिग्रॅम) चार आकडे ६८, ७१, ६९, ७०. ओलं ब्रिकेट, तुंबलेल्या ट्यूबा, भरलेला सायक्लोन असं सगळं असताना खऱ्या चिमणीचे आकडे इतके शहाण्यासारखे वागत नाहीत. आणि एका नमुन्याची तारीख चक्क बेंदराची. त्या दिवशी बॉयलर पेटलाच नव्हता, लॉगबुकात तशी नोंद आहे.

अहवाल हातात आला की त्यावरचा यूएलआर क्रमांक, म्हणजे त्या अहवालाचा स्वतंत्र नंबर, बघावा. लॅबचा फोन लेटरहेडवरून घेऊ नये, लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या साइटवरून शोधावा, त्या नंबरवर अहवाल खरा आहे का ते विचारावं आणि जागेवर भरलेला फील्ड डेटा मागावा. खऱ्या लॅबला तो द्यायला अडचण नसते.

जनरेटरच्या चिमणीतही इथे कमिशन खाल्लं गेलं. नियम सोपा आहे: केव्हीएचं वर्गमूळ गुणिले ०.२, तेवढे मीटर इमारतीच्या वर. १०० केव्हीएला २ मीटर. शेड ६ मीटरची, म्हणजे ८ मीटर पुरे. उभी केली १५. एवढ्या लांब बारीक पाइपाने इंजिनावर उलटा दाब येतो, डिझेल जास्त जातं आणि धूर वाढतो.

सांगलीचं उपप्रादेशिक कार्यालय कोल्हापूरच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं, साताऱ्याचं पुण्याखाली. सांगलीच्या कारखान्याला कुणी "पुण्यात सेटिंग आहे" म्हणाला तर तिथेच शंका घ्यावी. बोर्डाच्या हमीसाठी कुणी रोख मागितली तरी तसंच: बोर्ड हमी मागतं ती बँक गॅरंटी असते, रोख नव्हे.

फसल्याचं कळल्यावर कन्सल्टंटशी भांडत बसू नये, तो आधी लॉगिनचा पासवर्ड बदलतो. उपप्रादेशिक कार्यालयात लेटरहेडवर अर्ज देऊन नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल बदलून घ्यावा, खोट्या कागदांच्या प्रती आपणहून जोडाव्यात आणि पोच घ्यावी. पाहणीत तो कागद सापडला तर खोटं दस्तऐवज वापरल्याचा ठपका आधी मालकावर येतो. पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आणि बनावट दस्तऐवजाची ३३६ व ३४० ही कलमं लागतात. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लगेच करावा, आणि कन्सल्टंटने व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसण्याआधी त्याची प्रत काढून ठेवावी.