विक्शनरी : तीन अक्षरे, अनेक कुळे

विक्शनरी हा विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेचा मुक्त शब्दकोश २००२ पासून विनामूल्य उपलब्ध असून, शब्दांच्या कुळाची ओढ असलेल्या प्रत्येकाने तो वापरावा असे माझे ठाम मत आहे. त्याची मांडणी अर्थानुसार नव्हे, तर लेखनानुसार केलेली आहे. म्हणून इंग्रजी आवृत्तीत पी, ए, एन ही तीन अक्षरे शोधली की इंग्रजीतले पसरट भांडे, लॅटिन ‘पानिस’पासून आलेला स्पॅनिश ब्रेड, पोलिशमधले ‘श्रीमान’ हे आदरार्थी संबोधन आणि वेल्शमधील ‘जेव्हा’ असे परस्परांशी नाते नसलेले शब्द एकाच पानावर भेटतात. इंग्रजीत कॅमेरा आडवा फिरवण्याचा अर्थ ‘पॅनोरामा’च्या संक्षेपातून आला असल्याने त्याची व्युत्पत्ती निराळी दिली जाते, आणि ही काटेकोर विभागणीच मला सर्वांत मोलाची वाटते. ‘पानिस’चाच पोर्तुगीज वारस आपल्याकडे ‘पाव’ झाला आणि जपानमध्ये ‘पान’. आपले विड्याचे पान मात्र संस्कृत ‘पर्णा’चे. सर्व नोंदींना सारखेच संदर्भ जोडलेले नसल्यामुळे मराठी शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील १८५७ चा मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश सोबत उघडून ठेवावा.