मेंदू थ्रीडीत पाहायचाय: एमआरआयक्रोजीएल की थ्रीडी स्लायसर?

परळला न्यूरोचं शिकणारी माझी भाची रोज ठाण्याहून लोकलने येते. लॅपटॉप जुना, रॅम जेमतेम ८ जीबी. ‘मामा, एमआरआय थ्रीडीत बघायला काय टाकू?’ एमआरआयक्रोजीएल आणि थ्रीडी स्लायसर ही दोन सॉफ्टवेअर; दोन्ही मोफत, दोन्ही विंडोज-मॅक-लिनक्सवर चालतात, त्यामुळे पैशाचा प्रश्नच नाही.

एमआरआयक्रोजीएल आटोपशीर. निफ्टी (मेंदूच्या स्कॅनचा एक फाइल-प्रकार) फाइल ओढून टाकली की ग्राफिक्स कार्डाच्या जोरावर मेंदू समोर; क्लिप प्लेन (छेद घेणारी आभासी पातळी) फिरवून कलिंगडासारखा काप घ्या, आतल्या पोकळ्या दिसतात. सेमिनारच्या स्लाइडसाठी चित्र हवं असेल तर मी दुसरीकडे बघणारही नाही.

थ्रीडी स्लायसरचा पसारा मोठा. १९९८ च्या सुमारास बोस्टनमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प डायकॉम, म्हणजे स्कॅन मशीनमधून येणाऱ्या फाइल्स, थेट वाचतो. सेगमेंट एडिटर या त्यातल्या साधनात गाठ रंगवा, तिचं घनफळ मोजा, एसटीएल (थ्रीडी छपाईची फाइल) काढून थ्रीडी प्रिंटरला द्या. एक्स्टेन्शन (जोड-सॉफ्टवेअर) घातलं तर डिफ्युजन एमआरआयवरून (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारा एमआरआय) चेतातंतूंचे मार्गही दिसतात. पण पहिला आठवडा मेन्यू शोधण्यातच जातो, आणि जुना लॅपटॉप धापा टाकतो.

भाचीला म्हटलं, सध्या पहिलंच टाक; गाठ मोजायची वेळ आली की स्लायसर. तोही संशोधनासाठीच हं, रुग्णाचं निदान त्यावर करायचं नाही.