बाजारगावची पार्किंग: मजली इमारत की मुरमाचं मैदान?

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी मोटारसायकली, ऑटो आणि कापसाच्या ट्रॉल्या एकाच रस्त्यात अडकतात. नगरपंचायतीपुढे मग हे दोन मार्ग येतात.

मजली पार्किंग दिसायला भारी. पण 3 मीटर चढायला 1:10 उताराचा रॅम्प 30 मीटर लांब लागतो. लहान प्लॉट त्यातच संपतो. ट्रॅक्टर-ट्रॉली वर जातच नाही. शिवाय खाली काळी माती, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. पाया उथळ राहिला की भिंती तडकतात, म्हणून खोल पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर जाणारे पायाचे खांब, घ्यावे लागतात आणि खर्च तिथेच वाढतो. दिवे, चौकीदार, देखभाल रोजची. खरी गर्दी आठवड्यातून एकदा.

मैदानात वळायच्या वाटेसह एका कारला सुमारे 23 चौरस मीटर लागतात, म्हणजे 1,000 चौरस मीटरमध्ये चाळीसेक कार. ट्रॉलीही उभी राहते. आमच्या मते मैदानच घ्यावं, पण काम नीट हवं. वरची 30 सेंटीमीटर काळी माती काढा, वाळूचा थर द्या, मग मुरूम 15-15 सेंटीमीटरच्या दोन थरांत, पाणी मारून, रोलर फिरवून. मुरूम थेट काळ्या मातीवर टाकला तर पहिल्याच झडीत तो खाली दबतो, चिखल वर येतो, चाकं रुततात. 1:50 चा ढाळ आणि कडेला नाली नसेल तरी तीच गत.

आत यायचं आणि बाहेर जायचं फाटक वेगळं ठेवा. चुन्याच्या रेघा बाजाराच्या आदल्या संध्याकाळी ओढा. मैदानाला जागाच नसेल, तरच इमारतीचा विचार.