बालसाक्षीदारांसाठीची न्यायालयीन साहाय्य सेवा : दोन वर्षांच्या अनुभवावरून

माझ्या बहिणीच्या घरावर झालेल्या हल्ल्यात तिचा नऊ वर्षांचा मुलगा जखमी झाला आणि त्याच खटल्यात तो साक्षीदारही ठरला. तपास अधिकाऱ्यांनी आम्हाला बालसाक्षीदारांना साहाय्य करणाऱ्या एका सेवेकडे पाठवले आणि पहिल्या भेटीपासून निकालापर्यंत, म्हणजे जवळपास दोन वर्षे, आमचा तिच्याशी संबंध आला. मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून संस्थेचे आणि गावाचे नाव देत नाही. सेवा विनामूल्य होती, त्यामुळे तिचे गुणदोष मांडणे काहींना कृतघ्नपणाचे वाटेल; परंतु जिला पर्याय नाही आणि जी आयुष्यात एकदाच, तीही सर्वांत वाईट काळात वापरावी लागते, अशा सेवेबद्दल आधी जाऊन आलेल्या कोणीतरी लिहून ठेवले असते, तर आमची बरीच धावपळ वाचली असती.

आमच्या बाबतीत मुख्य अडचण अशी होती, की बहीण स्वतः साक्षीदार होती. मुलाची साक्ष चालू असताना तिला जवळ बसता येणार नव्हते, आणि घटनेविषयी त्याच्याशी काहीही बोलू नये, असेही तिला बजावण्यात आले होते. एरवी सगळे बोलणारी आई या एकाच विषयावर गप्प का होते, हे त्या मुलाला कळत नव्हते आणि आपले काहीतरी चुकले असावे, असा त्याने समज करून घेतला होता. सेवेने नेमून दिलेल्या साहाय्यक ताईंनी पहिल्याच भेटीत तो समज काढून टाकला. त्या त्याला म्हणाल्या, "आई रागावलेली नाही. तुला जे आठवतं ते तुझं आणि तिला जे आठवतं ते तिचं राहावं, म्हणून हा नियम आहे. तो तिलाही आवडत नाही."

त्याच भेटीत ताईंनी स्वतःची मर्यादाही सांगितली. त्या रात्री काय झाले, हे त्या कधीही विचारणार नव्हत्या. त्याने आपणहून सांगितले, तर ते लिहून घेऊन तपास अधिकाऱ्यांना कळवणे त्यांना भाग होते. मला हे तेव्हा फार कोरडे वाटले. मुलाच्या मनातले ऐकून घ्यायचे नाही, तर मग ही साथ कसली, असे मी परतताना बहिणीला बोललोही. पुढे उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी "हे तुला कोणी शिकवलं?" असे विचारले आणि मुलाने "कोणी विचारलंच नाही," असे उत्तर दिले, तेव्हा त्या कोरडेपणाची किंमत मला समजली. साक्षीची तयारी आणि साक्षीची पढवणूक यांत जी रेषा असते, ती या बाईंनी दोन वर्षांत एकदाही ओलांडली नाही.

गुन्ह्याला बळी पडलेल्या आणि साक्षीदार असलेल्या मुलांना न्याय देताना काय पाळावे, याची मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने २००५ साली स्वीकारली. त्यांत मुलाचे दहा हक्क सांगितले आहेत आणि माहिती मिळण्याचा हक्क त्यांपैकी एक आहे. कागदावर तो किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात मुलाची निम्मी भीती माहिती नसण्याचीच असते, असे मी आता म्हणेन. तयारीच्या तीन भेटींमध्ये ही सेवा सर्वांत उजवी ठरली. एका सायंकाळी, कामकाज संपल्यावर, ताईंनी त्याला रिकाम्या दालनात नेऊन न्यायाधीश, वकील आणि आरोपी कुठे बसतात, ते दाखवले. तो साक्ष दुसऱ्या खोलीतून, कॅमेऱ्यासमोर देणार होता. "त्याला मी दिसणार का?" असे त्याने विचारले. "नाही" म्हणून वेळ मारून नेणे सोपे होते, पण ताई म्हणाल्या, "हो, पडद्यावर तू त्याला दिसशील. तुला मात्र प्रश्न विचारणारी व्यक्तीच दिसेल." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग साक्षीच्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंतची पावले त्याने मोजली. ती ३४ भरली. घरी येईपर्यंत त्याने तो आकडा दोनदा सांगितला.

दुसऱ्या भेटीत ताईंनी त्याला विचारले, "माझ्या कुत्र्याचं नाव काय?" त्याने क्षणभर विचार करून "मोती" असे सांगितले. "तू माझ्या घरी कधी आलायस?" "नाही." "मग?" "मग मला माहीत नाही." ताई म्हणाल्या, "हे अगदी बरोबर उत्तर आहे." ही काही त्यांची वैयक्तिक क्लृप्ती नव्हती, मुलांच्या जबाबासाठी संशोधकांनी १९९० च्या दशकात घडवलेल्या मुलाखत पद्धतीत अशी उजळणी आधीच करून घेतली जाते आणि मग "काय झालं ते सगळं सांग" यासारखे मोकळे प्रश्न विचारले जातात, कारण मुलाच्या स्वतःच्या आठवणीतून आलेला तपशील सूचक प्रश्नाला दिलेल्या होकारापेक्षा अधिक भरवशाचा असतो. शाळेने मुलांना शिकवलेले असते, की मोठ्या माणसाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते आणि जागा कोरी सोडली, तर गुण जातात. न्यायालयात हीच सवय घातक ठरते. तयारीच्या या भागाला मी पाचपैकी पाच गुण देईन.

प्रतीक्षा कक्षाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तो स्वच्छ होता, त्याला वेगळे प्रवेशद्वार होते आणि तिथली खेळणी तीन-चार वर्षांच्या मुलांची होती. मोठ्या मुलांसाठी ठेवलेल्या एकमेव चित्रकोड्यातले तुकडे कमी होते, हे आम्हाला ते जवळपास पूर्ण झाल्यावर कळले.

वेळ मात्र भरपूर होता. पहिल्या तारखेला आम्ही सकाळी साडेनऊपासून चार वाजेपर्यंत बसलो आणि पुकारा न होताच कामकाज तहकूब झाले. दुसरी तारीख आदल्या संध्याकाळी दूरध्वनीवरून रद्द झाली. तोपर्यंत मुलाने दुसऱ्या दिवशीचे कपडे काढून ठेवले होते आणि रात्रीचे जेवण नाकारले होते. तारखा सेवेच्या हातात नसतात, हे मला मान्य आहे. परंतु मुलाला दिवसभर इमारतीत न बसवता, बोलावल्यावर अर्ध्या तासात हजर करण्याची मुभा मागता येते, हे आम्हाला तिसऱ्या तारखेला, तेही एका शिपायाकडून कळले. हे वाक्य सेवेच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर असायला हवे होते.

साक्षीच्या दिवशी ताईंनी त्याच्या हातात एक लाल कार्ड दिले होते. थांबायचे असेल, प्रश्न समजला नसेल किंवा स्वच्छतागृहात जायचे असेल, तर ते उचलायचे. कारण सांगायची गरज नव्हती. जोडणी सुरू करताना कोणाच्या तरी चुकीमुळे कॅमेऱ्याचे दृश्य बदलले आणि चार-पाच सेकंद संपूर्ण दालन, आरोपीसह, मुलासमोरच्या पडद्यावर उमटले. बोलण्याची परवानगी ताईंना नव्हती. मुलाने कार्ड वर धरले, पण पडद्याकडे बघतच ते असे काही घट्ट पकडले होते, की नंतर त्याला मधोमध घडी पडलेली दिसली. कामकाज वीस मिनिटे थांबले. यंत्रणा न्यायालयाची असूनही माफी ताईंनी मागितली. त्या सकाळी जोडणी तपासून पाहिली होती का, या माझ्या लेखी प्रश्नावर "नोंद घेण्यात आली आहे" एवढेच उत्तर आले. ज्या एका आश्वासनावर मुलाची सगळी तयारी उभी होती, तेच पहिल्या मिनिटाला मोडले गेले. त्यामुळे ही चूक मी तांत्रिक बिघाड म्हणून सोडून देऊ शकत नाही.

उलटतपासणीत सेवेची आणखी एक उणीव उघडी पडली. "तू झोपला नव्हतास असं तुझं म्हणणं नाही ना?" अशा दुहेरी नकाराच्या प्रश्नाला नऊ वर्षांचा मुलगा काय उत्तर देणार? त्याने दोनदा कार्ड उचलले, तिसऱ्यांदा मात्र थकून "हो" म्हणून टाकले. दबाव आणणाऱ्या प्रश्नांपुढे लहान मुले आपली बरोबर उत्तरेही बदलतात, हे संशोधनातून दिसलेले आहे. इंग्लंडमध्ये मुलाला प्रश्न समजतो की नाही, हे पाहणारा प्रशिक्षित मध्यस्थ न्यायालयाच्या परवानगीने बसू शकतो. आमच्या सेवेकडे तशी व्यक्ती नव्हती. अर्थात, तिथेही सारे झटपट झाले नाही. मुलांची उलटतपासणी खटल्याआधीच चित्रित करावी, अशी शिफारस १९८९ मध्ये झाली, कायद्यात तरतूद १९९९ मध्ये आली आणि ती काही न्यायालयांत प्रायोगिकरीत्या वापरायला २०१३ उजाडले. आइसलँडने १९९८ मध्ये 'बार्नाहूस', म्हणजे मुलांचे घर, उघडले, तेव्हा तिथे न्यायालयाने मुलाकडे जायचे ठरवले: घरासारख्या एका जागी प्रशिक्षित व्यक्ती मुलाशी बोलते, न्यायाधीश आणि वकील दुसऱ्या खोलीतून पाहतात आणि वैद्यकीय तपासणी व उपचार त्याच छताखाली होतात. आमच्या ताई कितीही कुशल असल्या, तरी मोठ्या माणसांसाठी बांधलेल्या इमारतीत एका मुलाला सांभाळून नेणे एवढेच त्यांच्या हातात होते, ही गोष्ट त्यांच्या कामाचे माप काढताना ध्यानात घ्यावी लागते.

समुपदेशनाच्या बाबतीत मात्र सेवेचे आभार मानायला हवेत. साक्ष होईपर्यंत उपचार पुढे ढकला, असा सल्ला आम्हाला एका जाणत्या नातेवाइकाने दिला होता आणि तो आम्हाला पटतही होता. ताईंनी तो ठामपणे खोडून काढला: खटल्यासाठी मुलाचे उपचार थांबवायचे नसतात, समुपदेशकाने काय टाळायचे आणि कोणत्या नोंदी ठेवायच्या, एवढेच पाहायचे असते. त्यांनी स्वतः समुपदेशकाशी बोलून तो प्रश्न आठवड्याभरात सोडवला. साक्ष दिलेल्या मुलांचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांत वारंवार साक्ष द्यावी लागलेली आणि आईचा आधार न मिळालेली मुले सावरायला अधिक वेळ घेतात, असे आढळले आहे. आमच्या मुलाला खटला संपेपर्यंत आईशी त्या एका विषयावर बोलता येत नव्हते, म्हणून ही दुसरी जागा त्याच्यासाठी फार मोलाची ठरली.

निकालानंतर मात्र सेवा अक्षरशः दिसेनाशी झाली. निकाल ताईंनी दूरध्वनीवरून कळवला, दोन वाक्यांत. त्या तेव्हा दुसऱ्या मुलाबरोबर न्यायालयात होत्या. शिक्षा किती काळाची, म्हणजे प्रत्यक्षात किती, अपील झाले तर मुलाला पुन्हा यावे लागेल का, आरोपी सुटेल तेव्हा आम्हाला कोण कळवणार, हे प्रश्न मुलाने त्याच रात्री विचारले आणि त्यांची उत्तरे आम्ही चार कार्यालयांतून गोळा केली. साक्ष संपली, की मुलाचे काम संपले, असा हिशोब यामागे असावा. या टप्प्याला पाचपैकी एकच गुण, आणि तोही त्या दूरध्वनीसाठी.

नुकसानभरपाईचा अर्ज सेवेनेच पहिल्या महिन्यात भरून दिला होता. कागदपत्रे चोख होती आणि पोचपावतीही व्यवस्थित मिळाली. पुढे पाठपुरावा कोणी करायचा, हे मात्र ठरलेले नव्हते, आणि ज्या कर्मचाऱ्याने अर्ज भरला, तो आता तिथे नाही. मागच्या आठवड्यात मी पुन्हा चौकशीला गेलो, तेव्हा फाइल काढून दाखवण्यात आली. अर्ज प्रलंबित आहे. त्यावर मुलाचे वय नऊ लिहिलेले आहे. ते बदलून अकरा करायचे, तर नवा अर्ज करावा लागेल, असे खिडकीवरच्या बाईंनी सांगितले.